लाल चकत्या

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी नऊ वर्षे गुणवत्ता विभागात काम केले, तिथल्या मीटिंग रूममध्ये पत्र्याचा एक पांढरा फळा होता. डाव्या बाजूला विभागांची नावे, वरच्या ओळीत आठवड्याचे वार आणि प्रत्येक चौकटीत लोहचुंबकाची एक चकती: काम ठीक चालले असेल तर हिरवी, थोडी अडचण असेल तर पिवळी, मोठी अडचण असेल तर लाल. फळ्याच्या खालच्या पट्टीवर जादा चकत्या रांगेने चिकटवून ठेवलेल्या असत. त्यातल्या हिरव्या चकत्या रोजच्या हाताळणीने मळल्या होत्या आणि काहींच्या कडांचे टवके उडाले होते. लाल चकत्यांवर मात्र विकत आणल्या त्या दिवशीचे पारदर्शक प्लास्टिक अजून तसेच होते. तो फळा बसवून तेव्हा चार वर्षे झाली होती.

आमचा कारखाना वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग आणि त्यांचे वेल्डिंग केलेले जोड बनवत असे. अशा कारखान्यात चार वर्षांत एकही मोठी अडचण आली नाही, यावर या धंद्यात एक महिना काढलेला माणूसही विश्वास ठेवणार नाही. प्रेसच्या डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, तडे जात होते, वेळेवर कच्चा माल येत नव्हता, एकदा तर चुकीच्या जाडीचा पत्रा अर्धी पाळी कापला गेला होता. फळा मात्र हिरवागार.

हल्ली अशा जागेला ‘टॉक्सिक वर्क कल्चर’ म्हणतात. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. कुणी चांगली नोकरी सोडून गेला की ‘तिथलं वातावरण बरोबर नाही’ एवढेच बोलले जाई आणि विषय संपे. साहेबांबद्दल विचारले तर उत्तर ठरलेले होते, ‘कडक आहेत’. मराठीत हा शब्द मोठा लबाड आहे. त्यात तक्रार असते, भीती असते आणि त्या दोन्हींपेक्षा कौतुक अधिक असते. कडक मास्तर, कडक फौजदार, कडक साहेब यांच्याविषयी आपण निवृत्तीनंतर डोळ्यांत पाणी आणून बोलतो. ज्याच्या हाताखाली काम करताना पोटात गोळा येतो, त्याला आपण बिनदिक्कत चांगला प्रशासक म्हणून मोकळे होतो.

आमचे साहेब खलनायक नव्हते, हे मला आधीच सांगायला हवे. दीडशे टनी प्रेसच्या आवाजावरून डायमध्ये काहीतरी बिघडले आहे हे ओळखणारा तो माणूस होता. एका वेल्डरच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते आणि त्याची वाच्यता कुठेही होऊ दिली नव्हती. परंतु त्यांच्यापुढे वाईट बातमी घेऊन जाणे ही आमच्यापैकी कुणालाही झेपणारी गोष्ट नव्हती. सव्वानऊच्या मीटिंगआधी त्यांच्या मनःस्थितीचा अंदाज घेण्याची एक पक्की व्यवस्था आम्ही लावली होती. त्यांची गाडी पपया नर्सरीच्या चौकातल्या सिग्नलला थांबली की ड्रायव्हर स्टोअरमधल्या माणसाला मिस्ड कॉल देत असे. एक मिस्ड कॉल आला तर ठीक, दोन आले तर आज जपून. त्या काळात फुकट असलेल्या त्या मिस्ड कॉलवर कारखान्यातले किती निर्णय ठरले याचा हिशेब मांडला, तर आमच्या गुणवत्ता प्रमाणपत्राची चौकट भिंतीवरून उतरवावी लागली असती.

२००७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या विभागात डिप्लोमा करून आलेला, जेमतेम आठ महिने नोकरी झालेला एक मुलगा होता. सीटखाली बसणाऱ्या एका ब्रॅकेटचे वेल्डिंग तो पाहत असे. वेल्ड वरून कितीही चांगला दिसला तरी तो आतपर्यंत पोचला आहे की नाही हे जोड आडवा कापून, घासून आणि ॲसिड लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. या तपासणीला आम्ही ‘कट सेक्शन’ म्हणतो. त्या दिवशी त्याने कापलेल्या पाच नमुन्यांपैकी दोनांत धातू पुरेसा खोल गेलेला नव्हता. मुलगा नवा होता. मीटिंगमध्ये त्याने पट्टीवरची लाल चकती उचलली, नखाने तिच्यावरचे प्लास्टिक सोलले आणि वेल्डिंगच्या चौकटीत लावली. त्या प्लास्टिकचा चर्रकन झालेला आवाज मला आजही ऐकू येतो, कारण त्या वेळी खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

“हे काय लावलंस?” साहेबांनी विचारले.

“साहेब, पेनिट्रेशन कमी येतंय. फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजलीय असं वाटतंय.”

“वाटतंय? मी तुला पगार कशाचा देतो, वाटण्याचा?”

कुणीतरी हसले. मीही हसलो असेन.

“माझ्याकडे प्रश्न घेऊन यायचं नाही. उत्तर घेऊन यायचं. बस खाली.”

हे शेवटचे वाक्य पुढे मी कितीतरी प्रशिक्षण शिबिरांत नेतृत्वगुणांचा धडा म्हणून ऐकले आणि दर वेळी मला तो मुलगा आठवला. ऐकायला ते फार बाणेदार वाटते. प्रत्यक्षात दोष ज्याला सर्वांत आधी दिसतो त्याच्याकडे त्या दोषाचे उत्तर बहुधा नसतेच. यंत्रापाशी उभा असलेला माणूस लक्षण सांगू शकतो, निदान करायला टूलरूम, खरेदी, देखभाल असे चार विभाग एकत्र यावे लागतात. उत्तर सापडेपर्यंत बोलू नकोस असे त्याला सांगणे म्हणजे चारही विभागांना अंधारात ठेवण्याची आज्ञाच होय.

पुढचा आठवडाभर त्या मुलाला दर तासाला नमुने कापून अहवाल द्यावा लागला. त्याची रोजची कामे त्याच्यावर होतीच. दुसऱ्या आठवड्यात त्याचे नाव तिसऱ्या पाळीच्या यादीत आले. कँटीनमध्ये त्याला ‘सिग्नल’ हे टोपणनाव पडले आणि शेवटपर्यंत चिकटले. हे सगळे कुणी एकाने ठरवून केले नव्हते. साहेबांनी फक्त तो प्रसंग केला, उरलेले काम आम्ही सर्वांनी मिळून पुरे केले.

माझा वाटा त्यात मोठा आहे. लाल चकती लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, आज काय लावू?” वेल्डिंगच्या वेळी भाग जागेवर धरणारी ती पिन बदललेली नव्हती, टूलरूमने दोन दिवस मागितले होते, नमुने अजून काठावर येत होते. मी म्हणालो, “पिवळी लाव. बघू, मॅनेज करू.” त्यानंतरच्या दिवशी मीच हिरवी लावली. मी त्याला सांभाळून घेतो आहे असे मला मनापासून वाटत होते. ‘मॅनेज करणे’ हा आमच्या एमआयडीसीतला सर्वांत उपयोगी शब्द आहे. त्यात खोटे बोलल्याची टोचणी लागत नाही.

ती बातमी वर कशी गेली हे मी नंतर कागद काढून पाहिले. वेल्डर म्हणाला होता, “वेल्ड पकडत नाही.” शिफ्ट इन्चार्जने वहीत लिहिले, “पेनिट्रेशन कमी-जास्त येते.” मी माझ्या अहवालात लिहिले, “व्हेरिएशन निरीक्षणाखाली आहे.” उत्पादन प्रमुखांनी मीटिंगमध्ये सांगितले, “नियंत्रणात आहे.” चार हातांतून गेलेल्या या बातमीत एकाही हाताने सरळ खोटे लिहिलेले नव्हते. प्रत्येकाने फक्त वरच्या माणसाला सोसेल इतके पाणी घातले होते. दुधाचे पातेले साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्यात दूध राहिलेच नव्हते.

सोळा दिवसांनी चाकणहून ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या जोडणीच्या लाइनवर एक ब्रॅकेट हाताने वाकवताना वेल्डवर सुटले होते. आमची सहा माणसे तीन दिवस त्यांच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसून चार हजारांवर नग तपासत होती. मीही त्यांत होतो. पुढे नुकसानीची वसुली मागणारी भली मोठी डेबिट नोट आली. सुदैवाने एकही संशयित भाग रस्त्यावरच्या गाडीत गेला नव्हता. परतल्यावर साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावले. ते ओरडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून त्यांनी अगदी थकलेल्या आवाजात विचारले, “मला कुणी सांगितलं का नाही?”

त्यांना खरोखर कळत नव्हते. त्या माणसाबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटले असेल तर त्या क्षणी.

हाच प्रश्न किती मोठ्या खुर्च्यांवरून विचारला गेला आहे याची कल्पना मला पुढे आली. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर जाहीर ठपका ठेवला. डिझेल गाड्यांत अशी संगणकप्रणाली बसवली होती की चाचणी चालू असताना धूर नियमांत राहावा आणि रस्त्यावर तो कितीतरी पटींनी वाढावा. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही प्रणाली निघाली. भारतातही त्या समूहाने तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. चाकणला त्यांचा कारखाना असल्यामुळे आमच्या भागातल्या पुरवठादारांत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी पाच दिवसांत राजीनामा दिला आणि आपल्या बाजूने काही गैरकृत्य झाल्याची आपल्याला जाणीव नाही, असे सांगितले. त्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते हा न्यायालयांचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. मला रस आहे तो २०११ सालच्या फ्रँकफर्ट वाहनप्रदर्शनातल्या एका चित्रफितीत. तीत विंटरकोर्न ह्युंदाईच्या गाडीत बसून स्टिअरिंग वरखाली करून पाहतात, त्याचा जराही खडखडाट होत नाही हे त्यांच्या लक्षात येते, आणि आपल्या अधिकाऱ्याला आडनावाने हाक मारून ते विचारतात की यांना जमते ते आपल्याला का जमत नाही. बारकाव्यांवरची त्यांची हुकमत पाहून मला आमच्या साहेबांची आठवण झाली, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसांची देहबोली पाहून आमची स्वतःची. घोटाळा बाहेर आल्यावर त्या कंपनीच्या कामगार परिषदेच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना जे पत्र लिहिले, त्याचा आशय असा होता की अडचणी न लपवता वरिष्ठांपुढे उघडपणे मांडता येतील असे वातावरण यापुढे हवे. जगातल्या सर्वांत मोठ्या वाहन कंपन्यांपैकी एकीला हे कागदावर लिहून सांगावे लागले.

याच्या उलट टोकाची गोष्ट फोर्डची आहे, आणि योगायोग असा की ती आमच्या ब्रॅकेटच्या एक वर्ष आधी घडली. २००६ च्या सप्टेंबरात विमाने बनवणाऱ्या बोइंगमधून ॲलन मुलाली नावाचा अभियंता फोर्डच्या प्रमुखपदी आला. हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड यांनी स्वतःची ती खुर्ची सोडून त्याला आणले होते, कारण कंपनी बुडत होती; त्या एका वर्षाचा तोटा साडेबारा अब्ज डॉलरांच्या वर गेला. मुलाली यांनी दर गुरुवारी सकाळी सर्व विभागप्रमुखांची बैठक सुरू केली आणि प्रत्येकाने आपापल्या कामाला रंग द्यायचा असे ठरवले: हिरवा, पिवळा, लाल. पहिले काही आठवडे सगळे तक्ते हिरवे येत राहिले. शेवटी मुलाली यांनी विचारले की आपण या वर्षी अब्जावधी डॉलर गमावणार आहोत, तरी आपल्याकडे बरोबर चालत नाही असे काहीच नाही का?

त्यानंतर अमेरिका खंडाचा कारभार पाहणारे मार्क फील्ड्स यांनी आपल्या तक्त्यावर लाल रंग आणला. कॅनडातल्या ओकव्हिलच्या कारखान्यात ‘एज’ ही नवी गाडी बाजारात जाण्याच्या बेतात होती. चाचणीत एक दोष आढळला, त्याचे कारण सापडत नव्हते आणि फील्ड्स यांनी गाड्या पाठवणे रोखून धरले होते. म्हणजे आमच्या त्या मुलासारखेच: लक्षण होते, निदान नव्हते. खोलीत शांतता पसरली. फील्ड्स यांची नोकरी गेली असे उरलेल्यांनी मनात धरले. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारले, यांना कोण मदत करू शकेल? काही क्षणांत दोघाचौघांनी आपली माणसे देऊ केली.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत इतक्या वेळा सांगितली जाते की ती टाळ्यांपाशीच संपते. माझ्या मते तिचा खरा भाग टाळ्यांनंतरचा आहे. पुढच्या बैठकीलाही बाकीचे तक्ते बऱ्याच अंशी हिरवेच होते. फील्ड्स अजून जागेवर आहेत, हसतमुख आहेत आणि त्यांची अडचण सुटत आली आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावरच इतरांच्या तक्त्यांत लाल-पिवळे रंग उतरले. टाळ्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. लाल रंग दाखवणाऱ्याचे पुढे काय होते याकडे सगळ्यांचे डोळे होते. २०१४ साली मुलाली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी फील्ड्स आले. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. त्यामागे २००६ च्या अखेरीस कंपनीचे निळे बोधचिन्हसुद्धा गहाण टाकून उभारलेले सुमारे साडेतेवीस अब्ज डॉलर हेही मोठे कारण होते. सगळे श्रेय रंगांना देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आणि याच फोर्डमध्ये, याच मुलाली यांच्या काळात, फिएस्टा आणि फोकस या छोट्या गाड्यांत स्वयंचलित गिअरबॉक्सचा असा प्रकार बाजारात गेला की वर्षानुवर्षे ग्राहक गाडी धक्के देते म्हणून तक्रारी करत राहिले. डेट्रॉइटच्या ‘फ्री प्रेस’ या वृत्तपत्राने २०१९ मध्ये कंपनीचे अंतर्गत कागद मिळवून छापले. आत या दोषाची जाणीव बरीच आधीपासून होती असे त्यांतून दिसले. म्हणजे गुरुवारच्या बैठकीत लाल रंग दाखवता येत असला, तरी त्या बैठकीच्या खाली आणखी किती खोल्या असतात, आणि त्या प्रत्येक खोलीत एक वेगळा साहेब बसलेला असतो. वरच्या मजल्यावर उघडलेली खिडकी तळमजल्यावर आपोआप उघडत नाही. टाळ्यांची गोष्ट सांगणारे वक्ते गिअरबॉक्सची गोष्ट सांगत नाहीत, याचे मला नवल वाटत नाही.

वाईट वातावरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आरडाओरडा येतो. २०२३ च्या जूनमध्ये एका मोठ्या खासगी बँकेचा अधिकारी ऑनलाइन बैठकीत हाताखालच्या लोकांवर ओरडतानाची चित्रफीत देशभर फिरली आणि बँकेने त्याला निलंबित केले. ते योग्यच झाले. परंतु ज्या आकड्यांच्या दट्ट्यामुळे तो ओरडत होता, ते आकडे कुठून आले हा प्रश्न चित्रफितीत मावत नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ उत्पादने विकण्याचा नाद होता. २०१६ मध्ये ग्राहकांच्या नकळत उघडलेल्या लाखो खात्यांचा प्रकार बाहेर आला तेव्हा बँकेने सांगितले की काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी याच कारणासाठी काढले आहेत. पाच हजार माणसे एकच चूक करतात तेव्हा ती त्यांची चूक राहत नाही, एवढे कळायला बँकिंगचे शिक्षण लागत नाही.

माझी मुलगी पुण्यात खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे कुणी आवाज चढवत नाही. तिचा मॅनेजर सर्वांना नावाने हाक मारायला सांगतो, शुक्रवारी पिझ्झा मागवतो आणि एखादी अडचण मांडली की “हे आपण वेगळं बोलू” असे मृदू आवाजात म्हणतो. ते वेगळे बोलणे कधी होत नाही. मार्चमधल्या मूल्यमापनात मात्र ‘सकारात्मक दृष्टिकोनाचा अभाव’ असा शेरा येतो. “बाबा, तुमचे साहेब निदान तोंडावर तरी बोलायचे,” असे ती एकदा म्हणाली, आणि मला त्यावर काय बोलावे ते सुचेना.

२०१४ मध्ये सिन्नरच्या माळेगाव वसाहतीतल्या एका कारखान्याचा मी प्रमुख झालो. सव्वाशे माणसे होती. फोर्डची गोष्ट मी तोपर्यंत वाचली होती आणि आपल्या खोलीत आपण असे होऊ देणार नाही, असा एक बाळबोध निश्चय मनात होता. मी तसाच फळा बनवून घेतला आणि चकत्या आणल्यावर सर्वांत आधी लाल चकत्यांचे प्लास्टिक स्वतः सोलून ठेवले. पहिल्या दिवशी भाषण केले की मला वाईट बातमी आधी हवी. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच आठवडे फळा हिरवा राहिला.

सहाव्या आठवड्यात देखभाल विभागाच्या माणसाने भीतभीत लाल चकती लावली: एक कंप्रेसर गळत होता आणि त्याचा सुटा भाग मागवायचा राहून गेला होता. मी गोष्टीत वाचल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. कुणीच साथ दिली नाही. टाळी वाजवणारा मी एकटाच, आणि ज्याच्यासाठी वाजवतो आहे तो माणूस आपली थट्टा चालली आहे असे समजून कानापर्यंत लाल झालेला, असे ते दृश्य होते. फोर्डची मिशिगनमधली टाळी सिन्नरमध्ये कानफटात मारल्यासारखी वाजली. त्यानंतर मी टाळ्या सोडून दिल्या.

ज्याने थोडाफार फरक पडला ते फार साधे होते. दर सोमवारी पहिली चकती मी माझ्या नावापुढे लावू लागलो. खरेदीचा एक करार मी वाचल्याशिवाय सही केला होता आणि त्यात वाहतुकीचा खर्च आमच्या गळ्यात पडला होता, त्यापुढे लाल. ग्राहकाला दिलेली तारीख मी पाळली नव्हती, लाल. साहेबाच्या नावापुढे लाल चकती पाहताना पहिल्या वेळी लोक खाली बघत होते, तिसऱ्या वेळी स्टोअरच्या बाईंनी विचारले, “सर, त्या कराराचं पुढं काय झालं?” कारखान्यात मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न. दुसरी गोष्ट, लाल चकती लावणाऱ्याला मी मीटिंगमध्ये ‘का’ विचारणे बंद केले. ‘काय हवंय’ एवढेच विचारू लागलो. कारणे नंतर मशीनजवळ उभे राहून, चहा पिताना निघतात. वर्षभरात फळ्यावर दर आठवड्याला दोन-तीन लाल चकत्या दिसू लागल्या. मालक मुंबईहून आले की त्या पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडे, आणि दर वेळी मला तेच स्पष्टीकरण नव्याने द्यावे लागे. मधल्या माणसाचे हे ओझे कुठल्याही पुस्तकात नीट मांडलेले मी पाहिलेले नाही.

ही हकीकत इथेच थांबवली असती तर मला बरे वाटले असते. पण २०१७ च्या जुलैमध्ये एका सोमवारी मी आदल्या रात्री उशिरा ग्राहकाकडून बोलणी खाऊन परतलो होतो, झोप झाली नव्हती, आणि प्रेस विभागाच्या प्रमुखाने महिन्यात तिसऱ्यांदा त्याच डायसाठी लाल चकती उचलली. मी ओरडलो नाही. मी फळ्याकडे पाहून एकच शब्द बोललो, “पुन्हा?”

चकती त्याच्या हातातच राहिली. त्याने ती क्षणभर तशीच धरली, मग पट्टीवर परत ठेवली आणि पिवळी लावली. मला तेव्हाच बोलायला हवे होते, उठून माझ्या हाताने ती लाल चकती लावायला हवी होती. मी पुढच्या विषयाकडे वळलो. संध्याकाळी त्याच्या विभागात जाऊन मी क्षमा मागितली. तो म्हणाला, “नाही नाही साहेब, तुमचं बरोबर होतं.” तीन वर्षे तो मला सर म्हणत असे. त्या दिवशी साहेब म्हणाला.

पुढच्या सोमवारी संपूर्ण फळा हिरवा होता. त्याच्या पुढच्या सोमवारीही. माझ्या नावापुढची लाल चकती तेवढी मी लावत राहिलो आणि ती एकटीच तिथे दिसत राहिली. दुसरी लाल चकती यायला सात आठवडे लागले. ती स्टोअरच्या बाईंनी लावली, आणि लावण्यापूर्वी चकती हातात धरून त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.